चिखल, घरपोच आणि मोफत : अमेरिकी ‘अटॅक अ‍ॅड’चे ग्राहक-परीक्षण

मिक्सर, प्रेशर कुकर, पाणी शुद्ध करणारे यंत्र आणि एकदा तर चक्क मच्छरदाणी, अशा वस्तूंची परीक्षणे मी आजवर लिहिली आहेत. वस्तू स्वतः विकत घ्यायची आणि निदान महिनाभर वापरून मगच लेखणी उचलायची, हा माझा नियम आहे. या वेळी त्या नियमाचा पहिला भाग मोडावा लागत आहे, कारण परीक्षणाची वस्तू विकत मिळत नाही. ती फुकट मिळते, न मागता मिळते आणि नको म्हटले तरी मिळते. दुसरा भाग मात्र पुरेपूर पाळला गेला आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून ५ नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत आम्ही उभयता पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात मुलीकडे होतो, आणि या काळात दूरचित्रवाणी, रेडिओ, यूट्यूब आणि टपालपेटी या चारही वाटांनी या वस्तूचा जेवढा वापर आमच्यावर झाला, तेवढा आमच्या घरात मिक्सरचाही होत नाही. वस्तूचे नाव ‘अटॅक अ‍ॅड’. मराठीत चिखलफेकीची जाहिरात म्हणता येईल, परंतु चिखलफेक म्हटले की फेकणाऱ्याचे हातही बरबटलेले दिसतात. इथे तशी काही गैरसोय होत नाही.

पुरवठ्याबाबत तक्रारीला जागा नाही. अध्यक्ष निवडायचा असला तरी अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांना हा माल सारखा मिळत नाही. ज्या राज्याचा कल आधीच ठाऊक असतो, तिथे तो पाठवण्यात कोणी पैसा दवडत नाही. अध्यक्ष ठरवणारी जी मते राज्याराज्यांत वाटलेली असतात, त्यांपैकी १९ पेनसिल्व्हेनियाकडे आहेत आणि ती कोणाच्या पारड्यात पडतील हे शेवटपर्यंत छातीठोकपणे सांगता येत नव्हते, त्यामुळे त्या वर्षी या राज्यावर जाहिरातींचा अक्षरशः पाऊस पडला. डेलावेअर नदीपलीकडे, न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या भाच्याला पेनसिल्व्हेनियाच्या सिनेट उमेदवारांची पापे तोंडपाठ झाली होती, कारण त्याच्या पडद्यावरही फिलाडेल्फियाचीच केंद्रे दिसतात. त्याला त्या उमेदवारांना मत देण्याचा अधिकार नाही. आम्हा दोघांना तर त्या देशात कोणालाच मत देण्याचा अधिकार नव्हता. सहा महिन्यांचे पाहुणे आम्ही. तरीही पुरवठादारांनी आमच्यात आणि मतदारांत कधी भेदभाव केला नाही, याची कृतज्ञतापूर्वक नोंद करतो.

वस्तूची घडण बहुतेक वेळा तीच असते. तीस सेकंदांपैकी पहिली पंचवीस विरोधकाला दिलेली असतात. त्याचे छायाचित्र कृष्णधवल, आणि ते नेमके अशा क्षणी टिपलेले की तोंड अर्धे उघडे आणि डोळे अर्धे मिटलेले; शिंक येण्याच्या बेतात असलेला कोणताही सज्जन जसा दिसतो तसा. ते छायाचित्र इंचाइंचाने आपल्या अंगावर सरकत येते. मागे एकच जड स्वर घुमत राहतो, जणू कोणी तंबोऱ्याची खर्जाची तार ढिली करून छेडतो आहे, आणि एक पुरुषी आवाज, घरात कोणी अत्यवस्थ असल्यासारख्या सुरात, त्या माणसाने काय काय केले ते सांगतो. मग अचानक ऊन पडते. पियानो वाजू लागतो आणि रंगीत चित्रात दुसरा उमेदवार अवतरतो: बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायाशी कुत्रा, समोर हेल्मेट घातलेले कामगार, जे त्याचे बोलणे ऐकून माना डोलावतात. तो काय बोलतो ते ऐकू येत नाही, त्यामुळे ते पटण्यासारखेच असणार. शेवटी तो स्वतःचे नाव सांगून म्हणतो की या संदेशाला माझी संमती आहे. हे वाक्य २००२ च्या कायद्याने सक्तीचे झाले. लेखी स्वरूपात ते किमान चार सेकंद दिसले पाहिजे आणि अक्षरे पडद्याच्या उंचीच्या किमान चार टक्के तरी असली पाहिजेत, इथपर्यंत नियम बारकाईने केलेले आहेत. स्वतःच्या तोंडाने जबाबदारी घ्यावी लागली की उमेदवार थोडे तरी लाजतील, अशी कायदा करणाऱ्यांची अपेक्षा होती. पुढाऱ्यांच्या लाजण्यावर भिस्त ठेवून केलेल्या कायद्यांचे जे व्हायचे तेच याचेही झाले.

खरी कारागिरी पाहायची असेल तर मात्र पडद्याच्या तळाशी पाहावे. तिथे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत पुरावा छापलेला असतो: कोण्या वर्तमानपत्राचे नाव, तारीख, कधी विधेयकाचा क्रमांक. एका जाहिरातीत एक उमेदवार म्हाताऱ्यांच्या औषधांवर उठला आहे असे कळल्यामुळे, या विषयात माझा वैयक्तिक हितसंबंध असल्याने, मी यूट्यूबवर चित्र थांबवले, भिंग आणले आणि ती तारीख वहीत उतरवून घेतली. मुलीने बातमी शोधून दिली. बातमी खरोखरच औषधांच्या किमतींविषयी होती, तारीख बरोबर होती, वर्तमानपत्र प्रतिष्ठित होते, आणि त्या उमेदवाराचे नाव तीत एकदाच आले होते, तेही बैठकीला हजर असलेल्यांच्या यादीत.

आपल्याकडे या तंत्राचा आद्य नमुना कुरुक्षेत्रावर सापडतो. द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेल्याचे सांगताना युधिष्ठिराने ‘नरो वा कुंजरो वा’ एवढे शब्द हळूच जोडले होते, आणि कीर्तनकार सांगतात की नेमक्या त्याच वेळी श्रीकृष्णाने शंख फुंकला. अमेरिकी जाहिरातीत तळाची बारीक अक्षरे म्हणजे कुंजर आणि खर्जातला आवाज म्हणजे शंख. फरक एवढाच की त्या एका वाक्यानंतर, तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला. या जाहिराती बनवणाऱ्यांचे रथ पहिल्यापासूनच डांबरी रस्त्यावर धावणारे असल्याने त्यांना ती अडचण येत नाही. म्हणूनच या वस्तूला ‘खोटी’ म्हणण्याची चूक मी करणार नाही. चांगल्या प्रतीच्या मालात खोटे वाक्य बहुधा नसतेच. सगळी वाक्ये खरी असतात. फक्त ती कोणाच्या शेजारी बसवायची आणि कुठे तोडायची, हे ठरवणारा कारागीर निराळा असतो.

तोडण्याच्या कामाचा माझ्या मते सर्वांत सुबक नमुना २०१० साली फ्लोरिडात तयार झाला. काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, तेव्हाचे सदस्य, डेमोक्रॅट अ‍ॅलन ग्रेसन यांनी आपले प्रतिस्पर्धी डॅनिअल वेबस्टर यांच्यावर जाहिरात काढली आणि तीत त्यांना ‘तालिबान डॅन’ असे नाव दिले. पडद्यावर स्वतः वेबस्टर एका धार्मिक मेळाव्यात बोलताना दिसतात, आणि पत्नीने माझ्या आज्ञेत राहावे, तसे बायबलमध्ये आहे, असे त्यांच्याच तोंडून पुन्हा पुन्हा ऐकू येते. मूळ भाषणात हे गृहस्थ नवऱ्यांना सांगत होते की पत्नीसाठी प्रार्थनेची वचने निवडाल तेव्हा ‘तिने माझ्या आज्ञेत राहावे’ असली वचने निवडू नका; ती बायबलमध्ये आहेत खरी, पण तुम्ही तुमच्या वाट्याची निवडा. ‘निवडू नका’ एवढा तुकडा कापला की उपदेशाचा हुकूम होतो. पुढच्याच वर्षी रिपब्लिकन बाजूनेही तोलामोलाचे काम करून दाखवले. मिट रॉमनी यांच्या जाहिरातीत बराक ओबामा म्हणताना ऐकू येतात की आपण अर्थव्यवस्थेबद्दल बोलत राहिलो तर हरू. ओबामांनी हे शब्द उच्चारले होते हे निर्विवाद आहे. २००८ मध्ये त्यांनी ते उच्चारले ते प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांच्या प्रचारगोटातले लोक असे म्हणतात हे सांगण्यासाठी. वाक्याचा तो पहिला तुकडा जागेअभावी राहून गेला. ग्रेसन ती निवडणूक हरले आणि रॉमनीही अखेर हरले, पण वस्तूच्या दर्जाचा निकालाशी संबंध जोडणे मला रास्त वाटत नाही.

आकड्यांच्या कामात निराळे कसब लागते. २००४ मध्ये जॉर्ज बुश यांच्या प्रचाराने जॉन केरी यांच्याविषयी सांगितले की त्यांनी ३५० हून अधिक वेळा वाढीव करांच्या बाजूने मत दिले. तपासणाऱ्यांनी ती मते मोजली, तेव्हा त्यांत कर आहेत तेवढेच ठेवावेत अशी मतेही निघाली आणि करकपात करावी, पण जरा कमी करावी, अशी मतेही निघाली. हा हिशेब गृहस्थाश्रमात असलेल्या कोणालाही कळण्यासारखा आहे. दिवाळीला पैठणी घ्यायची गोष्ट निघाली आणि मी पुढच्या वर्षी घेऊ म्हटले, तर विरोध एक. यंदा इरकल घेऊ म्हटले, तर विरोध दोन. पैठणीच घेऊ, पण जरा कमी जरीची, असे म्हटले, तर विरोध तीन. संध्याकाळपर्यंत माझ्या खात्यावर पैठणीविरोधी अकरा मते जमा झालेली असतात आणि पैठणी मात्र कपाटात येऊन पडलेली असते.

याच जातीतला, पण अधिक विषारी माल १९८८ चा. मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल मायकेल डुकाकिस यांच्याविरुद्ध थोरल्या बुश यांच्या प्रचाराने काढलेल्या जाहिरातीत लोखंडी गजांचे एक फिरते दार आहे. तुरुंगाच्या वेषातली माणसे रांगेने आत येतात आणि तशीच बाहेर पडतात. निवेदक खुनाची मोठी शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना मिळणाऱ्या संचित रजेविषयी सांगत असतो आणि पडद्यावर अक्षरे येतात: २६८ पळाले. ऐकणाऱ्याच्या डोक्यात बेरीज होते की २६८ खुनी मोकाट सुटले. पळालेल्यांचा आकडा खरा होता. त्यांत तसे खुनी होते चार. रजेची ती योजनाही डुकाकिस यांच्या आधीच्या, बुश यांच्याच पक्षाच्या राज्यपालांच्या काळात सुरू झालेली होती. जाहिरातीने २६८ खुनी पळाले असे कुठेही म्हटलेले नाही. तिने एक वाक्य कानाला दिले, एक आकडा डोळ्याला दिला आणि बेरीज प्रेक्षकावर सोपवली.

परीक्षकाने वस्तू उघडून पाहावी, या तत्त्वानुसार मी हा माल घरी तयार करता येतो का तेही पाहिले. पुण्यात आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या चिटणीसपदासाठी मी एकदा उभा होतो. माझ्या प्रतिस्पर्ध्याला या तंत्राची माहिती असती तर त्याने काय केले असते, याचा विचार करून मी स्वतःविरुद्ध पुढील मजकूर लिहिला. त्यात एकही असत्य विधान येऊ द्यायचे नाही, अशी अट मी स्वतःवर घातली होती.

“पस्तीस वर्षे हा माणूस दुसऱ्यांच्या पैशांत हात घालत होता. एका सोमवारी तर नोटांनी भरलेली पेटी त्याने स्वतःच्या ताब्यात घेतली. १९९३ साली त्याने सातारा जिल्ह्यातल्या एका वृद्ध विधवेला तिच्या राहत्या घरातून हलवले. आज त्या घराला कुलूप आहे. आपल्याच आवारात तो लहान मुलांना गोळ्या वाटताना दिसतो. त्याच्या रक्ततपासणीत काय सापडले, हे त्याने सभासदांपासून का लपवले? त्याची पत्नीच सांगते: ‘यांच्यावर विश्वास... ठेवू नये.’ सोसायटीचा चिटणीस म्हणून हा माणूस? आपल्या इमारतीला हे परवडेल?”

मी एका बँकेत रोखपाल होतो. पेटी सोमवारी मुख्य शाखेतून येत असे आणि ती सही करून ताब्यात घेणे हेच माझे काम होते. वृद्ध विधवा म्हणजे माझी आई. गुडघे धरल्यावर तिला वाईहून आमच्याकडे आणले. गोळ्या लिमलेटच्या. रक्तात साखर सापडली, उपाशीपोटी १४२. आणि सौभाग्यवतींचे मूळ वाक्य असे आहे: ‘यांच्यावर विश्वास ठेवायला माझी ना नाही, पण कोथिंबीर आणायच्या बाबतीत ठेवू नये.’ या मजकुराला लागलेला वेळ अकरा मिनिटे, खर्च शून्य. वाचून झाल्यावर सौभाग्यवती थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले की त्या सोमवारच्या पेटीचे नक्की काय झाले होते. उत्पादन परिणामकारक आहे, असे मी त्याच क्षणी वहीत लिहिले.

जुन्या मालाची सर नव्याला नाही, ही तक्रार मला प्रत्येक परीक्षणात करावी लागते आणि इथेही करतो. ७ सप्टेंबर १९६४ रोजी लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराने एक मिनिटाची जाहिरात एनबीसीवर दाखवली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत, मध्येच चुकत, आकडे मोजते; तिचे मोजणे संपताच एका पुरुषाचा आवाज उलटी गणती सुरू करतो, कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो आणि अणुस्फोट होतो. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नाव त्यात कुठेही नाही. पैसे मोजून ती एकदाच दाखवली गेली. नंतर बातम्यांच्या कार्यक्रमांनीच ती फुकट दाखवली आणि गोल्डवॉटर निवडून आले तर जग जळेल, हा अर्थ प्रेक्षकांनी आपापल्या घरी काढला. जॉन्सन यांनी ४४ राज्ये जिंकली. अन्याय हाही होता, आणि मोठा होता. पण तो एकदाच झाला. आमच्या वाट्याला आलेली औषधांची जाहिरात मी एका संध्याकाळी, एकाच फुटबॉल सामन्यात, सात वेळा पाहिली.

आता विक्रीपश्चात सेवेविषयी, म्हणजे फसगत झाल्यास दाद कोणाकडे मागायची याविषयी. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेतही साबणाने दोन दिवसांत चेहरा उजळतो असे म्हटले तर फेडरल ट्रेड कमिशन पुरावा मागते. उमेदवार मात्र साबण नव्हे. १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या ३१५ व्या कलमाप्रमाणे दूरचित्रवाणी वा रेडिओ केंद्राला उमेदवाराच्या जाहिरातीत काटछाट करता येत नाही. मजकूर धादांत खोटा आहे हे दिसत असले तरी. याचा कस १९५६ मध्ये लागला. नॉर्थ डकोटात सिनेटला उभे असलेले ए. सी. टाउनली यांनी फार्गोच्या डब्ल्यूडीएवाय केंद्रावरून शेतकऱ्यांच्या संघटनेवर साम्यवादाचा आरोप केला. हा मजकूर बदनामीकारक ठरू शकतो असे केंद्राने त्यांना आधी सांगितले होते आणि मग कायद्याला मान देऊन तो प्रसारित केला. संघटनेने केंद्रावर दावा लावला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ज्याला कापण्याचा अधिकार नाही, त्याला भरपाईचा भुर्दंडही नाही. तर्क बिनतोड आहे. तेव्हापासून ग्राहकाने केंद्राकडे तक्रार केली तर केंद्र अत्यंत सौजन्याने आपले दोन्ही हात वर करते; माझ्या पत्रालाही तसेच उत्तर आले, आणि ते छापील होते.

किमतीचा मुद्दा मी वर निकालात काढला, पण पुरवठादाराला तो माल कितीला पडतो हे सांगणे गमतीचे आहे. सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या ६० दिवसांत उमेदवाराला केंद्राने आपला सर्वांत कमी दर लावला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे शिव्याशापांचा हंगाम आला की सवलत सुरू होते. उमेदवाराच्या प्रचाराबाहेरच्या गटांना ही सवलत नाही. त्यांच्या जाहिराती केंद्राला नाकारताही येतात, पण चढ्या दराने पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा दुकानदार मी पुण्यातच काय तो पाहिला आहे. २०१० च्या न्यायालयीन निर्णयांनंतर या गटांना ‘सुपर पॅक’ म्हणतात, आणि त्यांना हवा तेवढा पैसा गोळा करून उधळता येतो. त्यांच्या नावांत उद्या, कुटुंब, स्वातंत्र्य, भविष्य असे गोड शब्द असतात. नावावरून वाटावे की ही मंडळी रक्तदान शिबिर भरवत असतील. आपल्याकडे शिमग्याला बोंब मारायची मुभा असते, पण ती स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या गल्लीत मारावी लागते, आणि कोणाच्या नावाने कोण ओरडले हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असते. इथे बोंब भाड्याने मिळते. कवित्व मात्र दोन्हीकडे सारखेच उरते.

आपल्याकडे हा माल नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून दूरचित्रवाणीवरच्या राजकीय जाहिरातीला आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि आचारसंहिता सांगते की टीका धोरणांवर, कार्यक्रमावर आणि पूर्वीच्या कामावर असावी, शहानिशा न केलेल्या आरोपांवर नसावी. त्यामुळे आपला माल दारातून न येता खिशातल्या मोबाइलवर, ‘जसा आला तसा पुढे पाठवला’ या शिक्क्यासह येतो. त्याचे परीक्षण स्वतंत्रपणे करावे लागेल, आणि त्यासाठी मला कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप गट सोडावा लागेल.

विषाबरोबर उताराही याच शहरात तयार होतो, हे फिलाडेल्फियाचे वैशिष्ट्य. तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अ‍ॅनेनबर्ग केंद्राने २००३ मध्ये ‘फॅक्टचेक’ हा उपक्रम सुरू केला; केरींची ३५० मते त्यांनीच मोजली आणि वेबस्टर यांचे तोडलेले वाक्यही त्यांनीच पुन्हा जोडून दाखवले. काम चोख आहे. तीस सेकंदांच्या जाहिरातीला त्यांचे उत्तर वाचायला दहा मिनिटे लागतात, आणि ते वाचण्यासाठी आधी शंका यावी लागते, ही त्याची मर्यादा. दुसरा उतारा दूरचित्रवाणीवरचे विनोदकार स्टीफन कोल्बेर यांनी काढला होता. ३० जून २०११ रोजी निवडणूक आयोगाची रीतसर परवानगी घेऊन त्यांनी स्वतःचाच सुपर पॅक उघडला. त्याचे नाव ‘अमेरिकन्स फॉर अ बेटर टुमॉरो, टुमॉरो’, म्हणजे उद्याच्या चांगल्या उद्यासाठी झटणारे अमेरिकन. कंपन्या म्हणजे माणसेच आहेत, असे रॉमनी बोलून गेले होते. त्या वाक्याचा धागा पकडून जानेवारी २०१२ मध्ये या गटाने साउथ कॅरोलायनात जाहिरात लावली, की असे असेल तर कंपन्या विकत घेऊन त्यांचे तुकडे पाडणारे रॉमनी हे सराईत खुनी ठरतात. तोच खर्ज, तीच अक्षरे, तोच भेसूर फोटो. तर्कही तोच, फक्त एक पाऊल पुढे नेलेला, म्हणजे त्याची लबाडी उघडी पडेल इतका. कोल्बेर यांच्यावर स्वतः उमेदवार होण्याची वेळ आली तेव्हा, उमेदवाराला असा गट चालवता येत नाही म्हणून, त्यांनी निवडणूक आयोगाच्या माजी अध्यक्षांना वकील म्हणून शेजारी बसवले आणि कॅमेऱ्यासमोर एका सहीने तो गट आपले मित्र जॉन स्टुअर्ट यांच्याकडे सोपवला. लोकांनी या थट्टेला १० लाखांहून अधिक डॉलर दिले. परीक्षक म्हणून एवढेच नोंदवतो की अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवल्यास मला नक्कल अधिक प्रामाणिक वाटली.

दुष्परिणामांचा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. आमची नात सात वर्षांची आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री जेवणाच्या टेबलावर ती खुर्चीवर उभी राहिली, हनुवटी गळ्यापर्यंत खाली ओढून जमेल तेवढा जाड आवाज काढला आणि म्हणाली: “आजोबा म्हणाले होते, शुक्रवारी आइस्क्रीम आणतो. शुक्रवार गेला. आजोबा म्हणतात, मी पुण्याचा. आजोबांचा जन्म वाईचा. आजोबा. आपल्या घरासाठी चुकीचे.” मग आवाज बदलून, हसून, तिने स्वतःचे नाव सांगितले आणि या संदेशाला आपली संमती असल्याचे जाहीर केले. जावई हसून लोटपोट झाले. शुक्रवारी आइस्क्रीम मी आणले होते. ते तिच्या सर्दीमुळे तिच्याच आईने फ्रीजरमध्ये मागे दडवले होते. पण हे मी सांगू लागेपर्यंत सगळ्यांची जेवणे झाली होती, आणि सौभाग्यवतींनी ‘यांचे असेच असते’ म्हणत ताटे उचलली.

राहिले वेष्टन. टपालाने येणाऱ्या आवृत्तीबद्दल मी मनापासून चांगले लिहू शकतो. जाड, गुळगुळीत, लग्नपत्रिकेला शोभेल असा कागद, कडा सुबक कापलेल्या, शाई हाताला न लागणारी. रोज दोन, कधी चार कार्डे येत. मी जमवलेली भरली ६३. अमेरिकेतल्या टपालपेटीजवळ कचऱ्याचा निळा डबा सोयीने ठेवलेला असतो आणि बहुतेक शेजारी हा मजकूर वाटेतच त्यात टाकत. त्या वर्षी दिवाळी मतदानाच्या ऐन तोंडावर आली होती. आकाशकंदिलासाठी काड्या आणि रंगीत कागद घेतला, पण कडांना बळकटी देण्यासाठी पुठ्ठा मिळेना, तेव्हा नातीने ते गठ्ठे काढले. पट्ट्या कापल्या, खळीने चिकटवल्या, आणि झिरमिळ्याही त्यांच्याच केल्या. दिवा लावल्यावर एका कडेने एक उमेदवार अर्ध्या उघड्या तोंडाने पाहत होता आणि दुसऱ्या कडेने त्याचा विरोधक, कृष्णधवल, कपाळापासून नाकापर्यंत. खाली झिरमिळ्यांवर ‘धोकादायक’, ‘खोटे’ आणि ‘आपल्या’ असे सुटे शब्द वाऱ्यावर हलत होते. ऊन, पाऊस आणि दोन रात्रींचे वादळी वारे खाऊनही तो कंदील फाटला नाही. कागदासाठी पाचपैकी पाच.

तुळशीच्या लग्नापर्यंत मैत्रिणीसाठी एक लहान कंदील करायचा नातीचा बेत होता, आणि ६ नोव्हेंबरला शाळेतून आल्या आल्या ती टपालपेटीकडे धावली. पेटीत विजेचे बिल होते आणि किराणा दुकानाची एक पातळ पत्रिका होती. शेपटीच्या दोन झिरमिळ्या अजून कमी पडत होत्या.